मातीच्या पाइपची साक्ष

चिलीम आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे. परंतु इंग्लंडांतील तिची पांढऱ्या मातीची, लांब दांडीची बहीण आपल्यापैकीं थोड्यांनींच पाहिली असेल. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तंबाखू तेथें इतकी महाग होती, कीं पाइपची वाटी जेमतेम बोटाच्या पेराएवढी असे.

दांडींत कीट धरलें, म्हणजे पाइप लोखंडी चौकटींत घालून विस्तवांत भाजीत. कीट जळून पाइप पुन्हां पांढरा होई. मोडला, तर सरळ फेकून देत. हे तुकडेच आज संग्राहकांचें धन! इंग्लंडांतून अमेरिकेंतील वसाहतींत गेलेल्या पाइपांचे तुकडे मोजून हॅरिंग्टन या संशोधकानें १९५४ सालीं दाखविलें, कीं दांडीचें छिद्र १६०० च्या सुमारास ९/६४ इंच होतें, तें १७५० नंतर ४/६४ इंचांवर आलें. छिद्र मोजावें आणि काळ सांगावा!

तें साफ करण्याची घाई मात्र करूं नये. अमेरिकेंतच, मेरीलँडमधील एका मळ्यावर, गुलामांच्या वस्तींत सांपडलेल्या दांडीच्या सच्छिद्र मातींत सुमारें दोनशें वर्षांपूर्वींची लाळ मुरलेली होती. ती एका स्त्रीची असून तिचें कुळ पश्चिम आफ्रिकेंतील सिएरा लिओनच्या मेंडे लोकांशीं जुळतें, असें २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या तपासणींत आढळलें. तिचें नांव कळलेलें नाहीं.