सुरतेचा किल्ला

गुजरातमधील सुरत शहरात, तापी नदीच्या डाव्या काठावर चौकबाजाराला लागून असलेला सोळाव्या शतकातील भुईकोट किल्ला. गुजरातचा सुलतान तिसरा महमूद (कार. १५३८–१५५४) याच्या आज्ञेने त्याचा सरदार खुदावंदखान ऊर्फ ख्वाजा सफर याने तो बांधला. पोर्तुगीज आरमार तापीच्या मुखातून आत शिरून शहर वारंवार जाळत असे. त्याला पायबंद घालणे हा बांधणीचा हेतू. किल्ल्याच्या शिलालेखातील अक्षरांच्या संख्यामूल्यांतून हिजरी सन ९४७ (इ. स. १५४०-४१) निघतो आणि त्याचा रोखही उघडपणे फिरंग्यांवर आहे.

बांधणी : किल्ला आटोपशीर व चौकोनी आहे. चारही कोपऱ्यांना सुमारे चाळीस फूट उंचीचे गोल, भरभक्कम बुरूज असून त्यांना जोडणारा तट तेरा-चौदा फूट जाडीचा आहे. एका अंगाला तापी आणि उरलेल्या तीन अंगांना पाण्याने भरलेला खंदक, अशी रचना होती. दगड लोखंडी पट्ट्यांनी एकमेकांत जखडून सांध्यांत शिसे ओतल्याचे फार्सी बखरकार सांगतात. तटावर चौखंडी उभारण्याची पद्धत पोर्तुगीजांची मानली जाई. ती उभारू नये म्हणून त्यांनी मोठी रक्कम देऊ केली, पण खुदावंदखानाने ती नाकारली, अशी हकिकत त्याच बखरींत आहे. रकमेचा आकडा बाजूला ठेवला, तरी समुद्रावर सत्ता गाजवणाऱ्यांना या लहानशा कोटाचा धाक वाटत होता, एवढे त्यातून दिसते. खुदावंदखान स्वतः १५४६ मध्ये दीवच्या वेढ्यात मारला गेला.

किल्ल्यातील व्यवहार : १५७३ च्या आरंभी अकबराने सुमारे दीड महिन्याच्या वेढ्यानंतर किल्ला घेतला. ऑटोमन सेनानी सुलेमान पाशा याने मागे ठेवलेल्या मोठ्या तोफा त्याला येथे मिळाल्या. मोगल अमलात शहर व बंदर मुत्सद्दी या अधिकाऱ्याकडे, तर किल्ला स्वतंत्र किल्लेदाराकडे असे. त्याची नेमणूक थेट बादशहाकडून होई. दोन अधिकारी एकमेकांवर नजर ठेवतील, हा त्यातला हिशेब. १६६६ मध्ये आलेला फ्रेंच प्रवासी थेवनो याने लिहिले आहे की, प्रांताचा वसूल किल्ल्यात साठवला जाई आणि बादशहाच्या खास हुकुमाशिवाय तो हलत नसे. दरवाजा मैदानात उघडे. जकातीचा फुरजा जवळच होता. मोठी जहाजे सुवाळीच्या बंदरात नांगरत आणि माल होड्यांतून वर येई, म्हणजे शहराची सारी कमाई तटाच्या नजरेखालून जात असे. स्कॉटलंडमधील ड्रमसारख्या कोटात १३२३ पासून विसाव्या शतकापर्यंत एकच आयर्विन घराणे नांदले. सुरतेच्या किल्लेदाराचे बिऱ्हाड मात्र बदलीचे; मोगल अमलात येथे तिजोरी, तोफा आणि चौकी-पहारा यांचेच राज्य होते.

मराठे व किल्ला : ६ जानेवारी १६६४ रोजी छत्रपती शिवाजी महाराज सुरतेवर आले, तेव्हा शहराला पक्का तट नव्हता. शहराचा मुत्सद्दी इनायतखान पाचशे शिपायांचा पगार घेत असे, पण शिपाई ठेवत नसे. तो रयतेला वाऱ्यावर सोडून किल्ल्यात जाऊन बसला. किल्लेदाराचे हात ओले करणाऱ्या धनिकांनाही आत आसरा मिळाला. तटावरून डागलेल्या गोळ्यांनी मराठ्यांपेक्षा शहरातील घरांचेच नुकसान अधिक झाल्याची नोंद वखारीतील इंग्रजांनी केली आहे. महाराजांजवळ वेढ्याच्या तोफा नव्हत्या आणि मोगल कुमक पोचण्याआधी परतायचे होते; त्यांनी किल्ल्याच्या वाटेला न जाता वीरजी व्होरा, हाजी सैयद बेग यांच्यासारख्या सावकारांच्या पेढ्यांकडे मोर्चा वळवला. यानंतर औरंगजेबाने शहराभोवती विटांचा तट घालण्याचा हुकूम दिला, तरी ऑक्टोबर १६७० मध्ये महाराजांनी सुरत पुन्हा लुटली. किल्ला दोन्ही वेळा शाबूत राहिला आणि शहर दोन्ही वेळा उघडे पडले. किल्ला कोणासाठी होता, याचे उत्तर या दोन स्वाऱ्यांनीच दिले. तो बादशहाच्या खजिन्यासाठी होता, सुरतेच्या माणसांसाठी नव्हे.

उत्तरकाल : १७३३ नंतर नवाब तेगबख्तखान शहराचा आणि त्याचा भाऊ बेगलरखान किल्ल्याचा धनी झाला. दोन अधिकारांनी एकमेकांना आवरण्याची जुनी युक्ती एका घराण्याच्या हाती आल्याने निकामी ठरली. पुढे किल्ला सिद्दींकडे गेला आणि मार्च १७५९ मध्ये इंग्रजांनी तो घेऊन बादशहाकडून किल्लेदारीची सनदही मिळवली. पुढील चार दशके किल्ला ईस्ट इंडिया कंपनीचा आणि शहर नवाबाचे, असा दुहेरी अंमल चालला. १८०० मध्ये शहराचा कारभारही कंपनीने घेतला. १८६२ मध्ये शिबंदी काढून तेथे सरकारी कचेऱ्या बसवण्यात आल्या. अलीकडे सुरत महानगरपालिकेने जीर्णोद्धार करून किल्ल्यात संग्रहालय मांडले आहे.