एकच पर्याय निवडा

डेटाबेस डिझाइन करणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट ठाऊक असते. फील्डमध्ये मोकळी जागा ठेवली की लोक वाट्टेल ते लिहितात आणि रिपोर्ट काढताना आपली वाट लागते. मग आपण ड्रॉपडाउन देतो, चार-पाच पर्याय आणि शेवटी 'इतर'. माणूस त्यात बसला तर ठीक, नाही बसला तर... तो त्याचा प्रॉब्लेम!

गेले काही वीकएंड मी भारतातल्या जनगणनेच्या इतिहासावर जे मिळेल ते वाचतोय. सगळा मामला ह्या ड्रॉपडाउनचाच आहे बघा. फरक एवढाच की इथे फील्डचं नाव आहे 'तू कोण?' आणि रेकॉर्ड्स कोट्यवधी.

१७ फेब्रुवारी १८८१ च्या रात्री हिंदुस्थानात पहिली एकसमयी जनगणना झाली. त्याआधी माणसांना ओळख नव्हती असं नाही, उलट भरपूर होत्या. जत्रेत भेटलेल्याला गावाचं नाव सांगायचं, सोयरिकीच्या बोलण्यात कूळ काढायचं, पाटील-कुलकर्ण्यांसमोर वतन सांगायचं. उत्तर कोणतं द्यायचं ते विचारणारा कोण ह्यावर ठरायचं. जनगणनेने मात्र सगळ्यांना एकच प्रश्न विचारला, त्याला एकच उत्तर मागितलं, आणि ते छापून ठेवलं.

आता ह्यात न बसणाऱ्यांचं काय? १९११ सालचं एक उदाहरण आपल्याच जुन्या मुंबई प्रांतातलं आहे. गुजरातेत मातिया कुणबी, शेखडा असे काही समाज होते. अहमदाबादजवळच्या पिराण्याच्या इमामशाहला मानायचे, पण घरातल्या काही विधींना ब्राह्मणही बोलवायचे. त्यांना स्वतःला ह्यात काही विसंगत वाटत नव्हतं. प्रांताच्या जनगणना अधीक्षकाने प्रामाणिकपणे 'हिंदू-मुसलमान' असा वेगळा गटच केला. पण देशाचे जनगणना आयुक्त ई. ए. गेट ह्यांना हे अजिबात रुचलं नाही. त्यांचं म्हणणं, चौकशी करून एक काय ते ठरवायला हवं होतं. थोडक्यात, डेटा बरोबर होता पण स्कीमात बसत नव्हता, म्हणून डेटा बदला!

जातीच्या रकान्याची गोष्ट तर ह्याहून मजेशीर, आणि थोडी करुणही. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ली ह्यांनी ठरवलं की जाती नुसत्या मोजायच्या नाहीत, स्थानिक लोकमतानुसार त्यांची सामाजिक उतरंडही लावायची. गावोगावी ही उतरंड होतीच, नाही असं नाही. पण तिच्यात वाद होते, इकडे एक तर तिकडे दुसरं असे फरक होते. आता सरकारी शिक्क्याची यादी होणार म्हटल्यावर जो तो जागा झाला. जातवार सभा निघाल्या, वंशावळी लिहिल्या गेल्या, अर्ज गेले. आम्हाला क्षत्रिय म्हणा, आम्हाला ब्राह्मण म्हणा, आमचं हे नाव काढा आणि ते लावा. १९११ ला बंगालचे अधीक्षक ओमॅली ह्यांनी नोंदवून ठेवलंय की नुसत्या अर्जांचं वजन दीड मण भरलं. म्हणजे छप्पन-एक किलो कागद!

हसू येतं, पण सगळेच अर्ज पोकळ मोठेपणाचे नव्हते. बंगालमधल्या एका मोठ्या समाजाला 'चांडाल' म्हणायची पद्धत होती. लोकांनी वर्षानुवर्षं मागणी लावून धरली आणि १९११ च्या जनगणनेत 'नामशूद्र' हे नाव मिळवलं. ज्याचं नावच शिवी आहे, त्याच्यासाठी तो रकाना ही क्षुल्लक बाब नसते.

इथपर्यंत वाचल्यावर माझं मत साधारण असं झालं होतं की ओळखबिळख हे सगळं ब्रिटिशांच्या तक्त्यांनी तयार केलेलं प्रकरण आहे. आपल्यासारख्या शहरी, 'मी जातपात मानत नाही' म्हणणाऱ्या नोकरदार मंडळींना हे मत सोयीचंही असतं. पण मग एक आकडा समोर आला.

आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत १९५१ च्या जनगणनेत बौद्ध होते जेमतेम अडीच हजार. १९६१ च्या जनगणनेत तेच झाले २७ लाख ८९ हजार!

मधल्या काळात काय घडलं ते आपल्याला ठाऊक आहे. १४ ऑक्टोबर १९५६, नागपूर, बाबासाहेबांची दीक्षा. पुढे दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. नेता नसताना पुढल्या चार-पाच वर्षांत लाखो लोकांनी 'आम्ही कोण' ह्याचं उत्तर बदललं, आणि प्रगणक दारात आल्यावर तेच सांगितलं.

ह्या उत्तराची किंमत काय होती तेही बघायला हवं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींमध्ये जवळपास हिंदूच मोजले जायचे, १९५६ मध्ये त्यात त्या जातींमधले सर्व शीख धरले गेले. बौद्ध नाहीत. म्हणजे धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' सांगितलं की केंद्राच्या सवलतींवरचा हक्क गेला. यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने राज्यापुरत्या सवलती दिल्या खऱ्या, पण केंद्राचा कायदा बदलायला १९९० साल उजाडावं लागलं. तब्बल ३४ वर्षं!

गावात तर रकान्याला आणखीच जड अर्थ होता. जुनी ओळख म्हणजे नुसतं नाव नव्हतं, कामांची यादी होती. मेलेली गुरं ओढायची, सांगावे पोचवायचे, सरकारी माणूस आला की पुढे धावायचं. महार वतन कायद्याने रद्द झालं ते १९५८ मध्ये, पण 'आम्ही ही कामं करणार नाही' असं गावाला तोंडावर सांगायचं काम ज्याचं त्यालाच करावं लागलं. तेव्हा 'बौद्ध' हा शब्द म्हणजे एक प्रकारे राजीनामाच होता, आणि नोटीस पिरियड गावात राहूनच काढायचा होता.

म्हणून मला आता वाटतं की रकाना माणसाला घडवतो हे अर्धंच खरं आहे. गुजरातेतल्या त्या समाजांना कुणी विचारलंच नाही, त्यांचं उत्तर परस्पर ठरवलं गेलं. इथे मात्र लोकांनी तोच सरकारी कागद वापरून सरकारला आणि गावाला आपलं उत्तर सांगितलं, आणि त्याचे परिणाम सोसले. कागद तोच, पण पेन कुणाच्या हातात होतं हा फरक मोठा आहे.

हे सगळं जुनं झालं असं समजू नका. मराठवाड्यातल्या निजामकालीन कागदांमधल्या कुणबी नोंदी शोधायला २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती बसली, २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटबद्दल शासन निर्णय निघाला. कुण्या कारकुनाने शंभर वर्षांपूर्वी लिहिलेल्या एका शब्दावर आज घराघरातली ॲडमिशन अवलंबून आहे. त्या बाजूच्या लोकांची तगमग खरी आहे आणि समोरच्या ओबीसींची धास्तीही खरी आहे.

आणि आता २०२७ ची जनगणना. १९३१ नंतर पहिल्यांदाच देशाच्या जनगणनेत सगळ्यांच्या जातीचे आकडे निघणार, तेही डिजिटल. आपल्यातले बरेच जण खांदे उडवून म्हणतील, 'काय फरक पडतो, काहीही लिहा.' म्हणायला हरकत नाही. फक्त एवढं लक्षात असू द्या की 'काहीही लिहा' असं ज्याला म्हणता येतं, त्याचं उत्तर केव्हाच कुणीतरी त्याच्या सोयीचं भरून ठेवलेलं असतं.

असो. तुम्ही काय लिहिणार?