फट दिसल्यावर बुजवावी

गोल्फ शिकायला लागून दोन महिने होत नाहीत तोच हितचिंतक विचारू लागतात, "लॉब वेज घेतलीस का? दर चार-पाच अंशांना एक वेज हवीच." वेज म्हणजे जवळच्या फटक्यांचा, जास्त कललेल्या पात्याचा क्लब. या मतामागे तर्क आहे, तो आधी नीट मांडू. आजच्या संचांत पिचिंग वेजचा लॉफ्ट, म्हणजे पात्याचा कल, बऱ्याचदा ४४-४५ अंशांवर आलेला असतो. सँड वेज साधारण ५६ची. मध्ये अकरा-बारा अंशांची फट उरते. ती बुजवायला ५०ची वेज, उंच फटक्यांसाठी ६०ची, म्हणजेच लॉब वेज. नियमाने बॅगेत १४ क्लब चालतातच.

पण ही फट पूर्ण स्विंगची आहे. ज्याचा एकाच क्लबने मारलेला एक चेंडू ऐंशी यार्ड जातो आणि दुसरा पन्नास, त्याला ती जाणवणार कशी? ग्रीनच्या, म्हणजे खळीभोवतीच्या बारीक हिरवळीच्या, आसपास तर अंतर ठरते ते हात किती मागे नेला यावर. ६० अंशांचे पाते इतके निजलेले असते की तेवढ्याच अंतरासाठी स्विंग मोठा घ्यावा लागतो, आणि स्विंग मोठा तशी चूकही मोठी. धार चेंडूच्या पोटावर बसली की तो सणाणत ग्रीनपार.

नवख्याने बघायचा आकडा वेगळाच आहे: बाउन्स. वेजचा तळ मागे धारेपेक्षा खाली उतरलेला असतो. त्या उताराचा कोन म्हणजे बाउन्स. तो मोठा असला की क्लब वाळूत रुतत नाही, घसरत पुढे निघतो. अमेरिकी गोल्फपटू जीन सॅराझेनने क्लबच्या तळाला डाख चढवून सँड वेज घडवली आणि ती घेऊन १९३२ची ब्रिटिश ओपन जिंकली. त्याने सुधारला तो तळ. बॅगेतली गर्दी वाढवली नाही.

कोणी म्हणेल, उन्हाळ्यात पुण्याकडची जमीन टणक होते, तिथे मोठा बाउन्स उसळतो. खरे आहे. पण तिथे सँड वेज काढायचीच कशाला? पिचिंग वेजने चेंडू ग्रीनवर पाऊलभर आत टाकावा आणि उरलेले अंतर त्याला घरंगळू द्यावे. एका क्लबने किती निभावते पाहा: स्पेनचा गोल्फपटू सेव्हे बायेस्तेरोस लहानपणी समुद्रकिनाऱ्यावर एका जुन्या तीन नंबरच्या आयर्नवर शिकला.

तेव्हा सुरुवातीला संचातली पिचिंग वेज आणि बारा अंशांच्या आसपास बाउन्स असलेली ५६ची सँड वेज, एवढे पुरे. दोन्हींनी दहा-दहा चेंडू मारावेत. दोन वेगळे ढीग पडू लागले, की मधली मोकळी जागा स्वतःच्या डोळ्यांना दिसेल. तिसरी वेज तेव्हा घ्यावी, आणि ती कितीची हे त्या जागेनेच सांगावे.