चंपीचा कान

आमच्या बिल्डिंगखालच्या चंपीला वर्षातून दोनदा पिल्लं व्हायची आणि प्रत्येक वेळी सोसायटीची मीटिंग व्हायची. एका पावसाळ्यात सहांपैकी चार पिल्लं मोटारींखाली गेली. त्या दिवशी मात्र कुणी मीटिंग बोलावली नाही.

पुढच्या खेपेला जोशीकाका म्हणाले, "मारून टाका. पूर्वी साहेब मारायचाच की!"

मारायचा, खरंच. १८३२ च्या जूनमध्ये मुंबईत सरकारी माणसं भटकी कुत्री मारत सुटली. पारश्यांना कुत्रं पवित्र. ते खवळले, कोटातली दुकानं पटापट बंद झाली आणि कुलाब्याच्या गोऱ्या पलटणीची रसद अडली! शेवटी दंगल मोडायला साहेबाला फौज आणावी लागली.

पुढं महापालिकेनंही १९९४ पर्यंत कुत्री मारलीच. संपली का? छे! एक गल्ली मोकळी झाली, की शेजारची मंडळी तिथं बिऱ्हाड थाटतात. मुंबईत रिकामी जागा कधी राहिलीय का? मग शहाणपण सुचलं. २००१ मध्ये केंद्रानं नियमच केले : धरा, नसबंदी करा, रेबीजची लस टोचा आणि त्याच गल्लीत परत सोडा.

"खर्च?" काकांनी विचारलं. इतिहासापेक्षा हा प्रश्न मोठा. पण संस्थेची गाडी फुकट आली. काही दिवसांनी चंपी परतली, कानाचा शेंडा कापलेला. ती ऑपरेशनची पावती.

आता काका रोज तिला बिस्किटं घालतात. पिल्लं नाहीत. मीटिंगा होतात, पण पाण्यावरून.