बॅरिस्टर नाथ पै आणि घटनादुरुस्तीचा अधिकार

लोकप्रतिनिधीच्या संसदीय कार्याचा विचार करताना त्याच्या मतदारसंघाचा इतिहास बाजूस ठेवण्याचा प्रघात आहे. बॅरिस्टर नाथ पै यांच्याविषयी असे केल्यास त्यांच्या प्रमुख विधेयकाचे मर्मच हाती लागत नाही. देवगड ज्यात अंतर्भूत होते, त्या राजापूर मतदारसंघातून ते १९५७, १९६२ आणि १९६७ असे तीन वेळा लोकसभेवर निवडून गेले.

त्यांचा जन्म २५ सप्टेंबर १९२२ रोजी वेंगुर्ले येथे झाला. १९४२ च्या आंदोलनात त्यांना तुरुंगवास घडला. पुढे इंग्लंडमध्ये ते बॅरिस्टर झाले आणि समाजवादी युवकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. लोकसभेत ते प्रजा समाजवादी पक्षाचे सभासद होते.

ज्या प्रदेशाचे त्यांनी प्रतिनिधित्व केले, तो तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्याचा दक्षिण भाग होय. १९८१ मध्ये त्याचा सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा झाला. या जिल्ह्याच्या ग्रामीण जीवनावर खोतीची छाया दीर्घकाळ होती. सरकार आणि कूळ यांच्यामध्ये वंशपरंपरेने उभा असलेला खोत सारा वसूल करी, आणि कुळाचे जमिनीवरील अस्तित्व बहुधा त्याच्या मर्जीवर अवलंबून असे. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. परंतु प्रत्यक्ष कायदा होण्यास स्वातंत्र्योत्तर काळ उजाडावा लागला. हा खोती निर्मूलन कायदा न्यायालयीन आव्हानापासून सुरक्षित राहावा म्हणून १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने त्याचा समावेश घटनेच्या नवव्या परिशिष्टात करण्यात आला. तेथे त्याचा क्रमांक सहावा आहे. कोकणातील कुळाला मिळालेले संरक्षण अशा रीतीने घटनादुरुस्तीच्या अधिकारावरच उभे होते.

२७ फेब्रुवारी १९६७ रोजी गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध पाच अशा मताधिक्याने निर्णय दिला की, मूलभूत हक्कांचा संकोच करणारी घटनादुरुस्ती संसदेस यापुढे करता येणार नाही. पूर्वीच्या दुरुस्त्या अबाधित राहिल्या, त्यामुळे खोतीचा कायदा वाचला. पण संपत्तीचा हक्क तेव्हा मूलभूत असल्याने पुढील भूमिसुधारणांची वाट अडली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये नाथ पै यांनी ३६८ व्या कलमात दुरुस्ती सुचविणारे अशासकीय विधेयक लोकसभेत मांडले. घटनेचे कोणतेही कलम दुरुस्त करण्याचा संसदेचा अधिकार स्पष्ट करावा, हा त्याचा हेतू होता. ते संयुक्त समितीकडे गेले. परंतु डिसेंबर १९७० मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक व्यपगत झाले. १७ जानेवारी १९७१ रोजी बेळगावच्या हुतात्मा दिनाच्या सभेत भाषण केल्यानंतर, दुसऱ्याच दिवशी नाथ पै यांचे निधन झाले.

त्याच वर्षी झालेल्या चोविसाव्या घटनादुरुस्तीने त्यांच्या विधेयकाचे मुख्य तत्त्व स्वीकारले. तथापि विधेयकाच्या विरोधकांची भीती निराधार होती, असे म्हणता येत नाही. बहुमताच्या हाती अमर्याद दुरुस्तीचा अधिकार दिल्यास नागरिकांचे स्वातंत्र्यच धोक्यात येईल, असा त्यांचा आक्षेप होता, आणि आणीबाणीतील बेचाळिसाव्या दुरुस्तीने १९७६ मध्ये त्याचा प्रत्यय आणून दिला. केशवानंद भारती खटल्यात २४ एप्रिल १९७३ रोजी न्यायालयाने चोविसावी दुरुस्ती वैध ठरविली, पण घटनेच्या मूलभूत चौकटीस धक्का लावण्याचा अधिकार संसदेस नाकारला. नाथ पै यांचे म्हणणे एका अंगाने मान्य झाले, दुसऱ्या अंगाने त्यास मर्यादा पडली.

या निर्णयाच्या प्रकाशात त्यांच्या विधेयकाकडे केवळ संसदेच्या सार्वभौमत्वाचा कैवार म्हणून पाहणे अपुरे होय. कुळाच्या दृष्टीने मूलभूत हक्क आणि मालकाचा संपत्तीहक्क या दोन गोष्टी एकरूप नव्हत्या; गोलकनाथ निर्णयाने मात्र त्यांना एकाच कुंपणात ठेवले होते. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने संपत्तीचा हक्क मूलभूत हक्कांतून वगळला, तेव्हा हा भेद घटनेनेच मान्य केला. राजापूर मतदारसंघ पुनर्रचनेत लुप्त झाला असला, तरी त्याच्या भूमीतून उद्भवलेला हा प्रश्न भारतीय घटनेच्या इतिहासाचा अविभाज्य भाग ठरला आहे.