जॉन्सनची थापी

बेन जॉन्सन शिकवताना त्याचे गवंडीकाम आम्ही एका वाक्यात उरकतो : सावत्र वडील गवंडी, म्हणून मुलाच्या हाती थापी आली. प्रतिस्पर्ध्यांनी तर त्याची टिंगलच केली. परंतु १५६३च्या इंग्रजी कायद्याने अशा कारागिरीसाठी किमान सात वर्षांची उमेदवारी सक्तीची केली होती. ओळंबा धरणे, सांधमोड राखत विटांचे थर चढवणे, हे कसबी गवंड्याच्या हाताखालीच शिकायचे. लंडनमधील कौलकरी व गवंडी यांच्या संघाला १५६८मध्ये सनद मिळाली. त्याची वर्गणी जॉन्सनने १६११पर्यंत, अधूनमधून का होईना, भरली. तोवर ‘व्होल्पोनी’ रंगभूमीवर येऊन पाच वर्षे झाली होती! त्याच्या शिक्षणात वेस्टमिन्स्टरची शाळा आम्ही न चुकता मोजतो. ही उमेदवारी मात्र मोजत नाही.