हवाई टक्कर प्रतिबंध

प्रवासाच्या स्थिर उंचीवर उडणाऱ्या विमानांना एकमेकांपासून सुरक्षित अंतरावर ठेवण्याची व्यवस्था. समोरासमोर येणाऱ्या दोन जेट विमानांचा वेग प्रत्येकी ताशी ९०० किमी. धरला, तर त्यांच्यातील अंतर दर सेकंदाला अर्ध्या किलोमीटरने घटते. समोरचे विमान दिसून वळेपर्यंत वेळच उरत नाही. म्हणून मुख्य भिस्त उंचीच्या शिस्तीवर असते.

सर्वसाधारण नियमानुसार पूर्वेकडील अर्धवर्तुळात (० ते १७९ अंश) जाणाऱ्या विमानांना विषम हजारांची उंची मिळते, पश्चिमेकडे जाणाऱ्यांना सम हजारांची. मुंबईहून नागपूरला जाणारे विमान ३३,००० फुटांवर असेल, तर परतीचे ३२,००० किंवा ३४,००० फुटांवर. या उंचीवर सर्वांचे उंचीमापक १०१३.२५ हेक्टोपास्कल या एकाच प्रमाण दाबावर लावलेले असतात. हवेचा दाब बदलला तरी सर्वांच्या आकड्यांत सारखाच फरक पडतो आणि दोन विमानांमधले अंतर टिकते. पूर्वी २९,००० फुटांच्या वर दोन थरांत २,००० फूट अंतर ठेवत. उंचीमापक अधिक अचूक झाल्यावर ४१,००० फुटांपर्यंत ते १,००० फुटांवर आणले गेले. उत्तर अटलांटिकवर १९९७ मध्ये, भारतात २००३ मध्ये.

ही शिस्त मोडली, तर शेवटचा आधार टीकॅस या यंत्रणेचा. ती आसपासच्या विमानांच्या ट्रान्सपाँडरना (रेडिओ-विचारणेला आपोआप उत्तर देणाऱ्या उपकरणांना) विचारणा करून टक्कर किती सेकंदांवर आहे हे काढते. आधी इशारा देते, मग आज्ञा. दोन्ही विमानांत यंत्रणा असेल, तर एकाला वर आणि दुसऱ्याला खाली जाण्यास सांगते. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणात चरखी दादरीजवळ सौदी आणि कझाक विमानांची टक्कर होऊन ३४९ जण दगावले, तेव्हा त्या विमानांत ती नव्हती. त्यानंतर भारताने ती सक्तीची केली.

पण यंत्र आणि माणूस उलट बोलले तर? १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतील युबरलिंगेनवर ३६,००० फुटांवर नेमके हेच घडले. झुरिकचा हवाई वाहतूक नियंत्रक एकटाच दोन पडदे सांभाळत होता. त्याने रशियन तुपोलेव्हला खाली उतरण्यास सांगितले. टीकॅस वर जाण्यास सांगत होते. वैमानिकांनी नियंत्रकाचे ऐकले. समोरचे मालवाहू बोइंग टीकॅसच्या आज्ञेने खालीच उतरत होते. ७१ जणांचा बळी गेला, त्यांत बरीच शाळकरी मुले होती. दोष एकट्या नियंत्रकावर ढकलणे अन्यायाचे ठरेल. कोणाची आज्ञा अंतिम, हेच तेव्हा नियमांत पुरेसे स्पष्ट नव्हते. आता टीकॅसची आज्ञा नियंत्रकाच्या सूचनेहून वरचढ मानली जाते आणि वैमानिक ती पाळत असल्याचे कळवताच नियंत्रक त्या विमानाला वेगळी सूचना देत नाही.

ट्रान्सपाँडर बंद असेल, तर मात्र टीकॅसला ते विमान दिसतच नाही. २००६ मध्ये ब्राझीलच्या जंगलावर ३७,००० फुटांवर दोन विमानांची टक्कर होऊन १५४ जणांचा मृत्यू झाला, तो असाच. तिथे उपग्रह-मार्गदर्शनाची अचूकताही घातक ठरली: दोन्ही विमाने मार्गाच्या मध्यरेषेवर तंतोतंत होती. हा धोका टाळण्यासाठी महासागरांवरील अनेक मार्गांवर आता वैमानिक मुद्दाम मध्यरेषेच्या उजवीकडे दोन सागरी मैलांपर्यंत सरकून उडतात. डावीकडे सरकण्यास मनाई आहे.